नंदाची सोयरीक

६ सप्टें., शनि.
कॉलेज लवकर सुटलं. अकोटहून एस.टी.नं आले, तशीच शेतात गेले. यंदा बाबांनी कपाशीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट घेतलाय. दुपारनंतर मादीच्या ओळीतल्या, उद्या फुलणाऱ्या कळ्यांमधले पुंकेसर नखानं काढायचे. सकाळी नराचं फूल त्यांवर फिरवायचं. बारावीला मी हेच फळ्यावर शिकवते.
नंदा आज पहिल्यांदाच घराबाहेर पडली. अमरावतीच्या दवाखान्यातून आणल्यापासून गावात सांगितलंय, कावीळ झाली होती. गोळ्यांनी तिचा हात कापतो. नख आत रुतत होतं, कळ्या वाया जात होत्या. कामावरची एक बाई बोलली तर आई तिच्या अंगावर धावली.
कळ्या गेल्या, मला बरं वाटलं. धाकट्या बहिणीबद्दल असं वाटू नये. वाटलं.

९ सप्टें.
रोज सकाळी आईचं एकच. "नंदे, झोप लागली का वं?" मला नाही विचारत. मी धडधाकट! माझ्या दोन सोयरिकी नंदाच्या दवाखान्यापायी मोडल्या; कितीही लपवलं तरी कुठून तरी कळतंच. "त्या घरात वेडसरपणा हाये," असा निरोप आला दोन्ही वेळा. हेही तिच्यासमोर बोलायचं नाही. तिला त्रास होतो ना.

१३ सप्टें., शनि.
नितीन आला होता. बियाणं कंपनीचा सुपरवायझर, मोर्शीकडचा. (शनिवारी, तो येतो तेव्हा, मी कोणती साडी नेसते हे आईच्याही लक्षात आलंय. बोलत नाही.)
नंदाचा हात पाहून म्हणाला, "थरथरते काहून?"
मी घाईनं म्हटलं, "अशक्तपणा. कावीळ झाली होती."
नंदा म्हणाली, "नाही. डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू हायेत माह्या. त्यानं."
बांधावर आम्ही तिघंच होतो, नशीब. मी मेल्यासारखी झाले. त्यानं तिची ओळ पाहिली. मग म्हणाला, "मंग कळ्या काहून सोलता? सकाळी येत जा. फूल फिरवाले नख लागत नाही."
एवढंच. आम्ही वर्षभर जे दाबून ठेवलं ते त्यानं असं घेतलं. माझ्या दोन स्थळांपैकी एकालाही जमलं नाही.

२१ सप्टें., रवि.
नंदा सकाळची जाते आता. बोटं परागानं पिवळी. हसते सुद्धा. नितीनची गाडी आली की तो आधी तिची ओळ बघतो.
आज तिनं विचारलं, "ताई, फूल फिरवल्यावर आत काय होते?" सांगितलं. परागकण कुक्षीवर रुजतो, त्यातून नळी निघते, खाली बीजांडापर्यंत जाते, तिथं बी धरतं. मीच सांगत होते, छान सांगत होते, आणि तो ऐकत होता तिच्याकडे बघत.
घरी येऊन भांडी आदळली. आई म्हणाली, "हळू, नंदा झोपली."

४ ऑक्टो., शनि.
नितीननं बाबांकडे नंदाला मागितली.
नंदाला.
आई चुलीपुढे रडत होती, आनंदानं. मी पोळ्या लाटल्या. एकही गोल झाली नाही. बाबा म्हणाले, "पोराले सगळं माहीत हाये. त्याच्या मायले सांगू नका म्हणते, तो पाहून घेईन."
मनात आलं, एक फोन. त्याच्या आईला एकच फोन. कोणाला कळणारही नाही कोणी केला.
केला नाही. नंबर मात्र बाबांच्या मोबाइलमधून पाहून घेतला.

७ ऑक्टो.
नंदा माझ्या खोलीत आली. "ताई, त्याच्या मायले सांगून टाकू. मोर्शी काय अमरावतीहून लांब हाये? मागून कळलं तं मले जन्मभर ऐकाले लागन. तू सांग. तुले नीट सांगता येते."
आई म्हणाली, "काही सांगू नका, भरल्या घरात माती पडन." नंदा हटेना.
मला म्हणते, तू सांग. मला!

११ ऑक्टो., शनि.
त्याची आई आली होती. शांत बाई, संत्र्यांची पिशवी घेऊन. चहा झाल्यावर मी त्यांना अंगणात नेलं आणि सांगितलं. आजार काय, गोळ्या कोणत्या, डॉक्टर काय म्हणतात, वर्षभरात पुन्हा त्रास नाही. अगदी वर्गात सांगावं तसं.
मग तेही सांगितलं. अमरावतीत भर चौकात अनवाणी रहदारी अडवून उभी होती, पोलिसांनी आणून सोडली. त्यांनी विचारलं नव्हतं. नंदानंही ते सांग म्हटलं नव्हतं. खरं होतं म्हणून सांगितलं की…
त्या पदर सारखा करून उठल्या. "बरं झालं बाई, सांगतलं. घरी बोलतो." संत्री ठेवून गेल्या.

१२ ऑक्टो., रवि.
सकाळी प्लॉटवर नंदानं विचारलं, "सगळं सांगतलं?"
"हो."
"चौकातलं बी?"
"हो."
मला वाटलं ओरडेल, रडेल. तिनं नराचं फूल तोडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि ओळीत शिरली.
नितीन आज आला नाही. रविवार असेल म्हणून. पण मागे रविवारीही आला होता. मोर्शीहून फोन नाही.
आई दोनदा म्हणाली, "तुले लावून पाहता येते का वं?" नंबर आहे माझ्याकडे. नाही म्हटलं.