पहिल्या हाकेला ओ

१८ नोव्हेंबर

बांद्याहून सामान आलं, खोली लागली, नोकरीही सुरू झाली. मच्छीमार सोसायटीची वायरलेस खोली आता माझी. खिडकीत बंदर, खालून सुक्या बांगड्याचा वास. मला तर सगळंच आवडलंय. धाकटा ॲल्स्टनही सोबत आहे, तो सहदेवच्या होडीवर खलाशी म्हणून लागला. ममाने निघताना एवढंच बजावलं, भावाक सांभाळ.

आधीचे ऑपरेटर बाबलीकाका काम समजावून गेले. वायरलेस लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडलाय, हाक आली की ती आपोआप डिस्कवर साठते. इथली रीत अशी की होडीने तीन हाका मारायच्या आणि आपण तिसरीलाच ओ द्यायची. एकदाच हाक मारणारो आपलो नसता, म्हणाले. मी मान डोलावली. मनात म्हटलं, काका, बुडणाऱ्याला तेवढा दम तरी असायला हवा.

२० नोव्हेंबर

रीत मोडली. छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या हाकेलाच माझ्या आवाजात उत्तर जातं, ‘आयकतंय, बोला.’ सहदेव कुरकुरला, पण ॲल्स्टनला भारी मजा वाटली. होडीवरून सारखा हाका मारून बघत होता, येडो.

२२ नोव्हेंबर

डिस्कचा दिवा डोक्यात जातोय. होड्या किनाऱ्याला, वायरलेस गप्प, तरी ठरावीक वेळाने लुकलुकतो. म्हणजे काहीतरी लिहिलं जातंय. कोणता प्रोग्राम लिहितोय ते बघायला आयओटॉप लावला. दिसला फक्त जेबीडी२. तो बिचारा लिनक्सचा कारकून, दुसऱ्याने दिलेलं उतरवतो. देणारा कोण ते कळेना. लॉग बंद केले, अपडेट बंद केले, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन तपासला. दिवा आपला चालूच. वैतागून चहा प्यायला गेले. पण मी असली कोडी सोडून देणारी नाही.

२३ नोव्हेंबर

सापडलं. फॅटट्रेस चालवल्यावर फाइलींची नावंच हाती आली. हाका साठवायच्या फोल्डरमध्ये नव्या फाइली पडतायत. जुन्याही आहेत, पार बाबलीकाकांच्या काळापासूनच्या. ऐकल्या. लाटांचा आवाज, मग एक हाक, ‘बाबली’. एकदाच. पुढे काही नाही, काकांनी ओ दिलेली नाही.

या आठवड्यातल्या फाइलींत हाक माझ्या नावाची आहे, ‘क्लॉडिया’. आणि प्रत्येक हाकेमागे माझा आवाज, ‘आयकतंय, बोला.’

२५ नोव्हेंबर

माझा प्रोग्राम पुसून टाकला. तरी फाइलींत मी ओ देतेच आहे. आज तर पुढे बोललेही. हसले. ॲल्स्टन कधी समुद्रावर जातो, कुठून परत येतो, सगळं सांगितलं. यातलं एक अक्षर मी कधी रेकॉर्ड केलेलं नाही. आयओटॉपमध्ये आता लिहिणारा कोणीच दिसत नाही, लिहिलं मात्र जातंय. मला भीती वाटतेय.

बाबलीकाकांकडे गेले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुझो आवाज तू तेका दिलंस गो, आता माका काय इचारतंस. चहासुद्धा विचारला नाही.

२६ नोव्हेंबर

ॲल्स्टनला म्हटलं, जाऊ नको. हसला. शेवटी चर्चमधल्या सायबिणीची आण घालून एवढं कबूल करून घेतलं की वायरलेसवर माझी हाक तीनदा आली तरच ओ द्यायची. एकदा आली तर नाही. माझाच आवाज असला तरी नाही.

२८ नोव्हेंबर, सकाळ

धुकं. बंदराची भिंतसुद्धा दिसत नाही. बाकी होड्या आल्या, सहदेवची नाही. कॉम्प्युटर बंद करावा तर वायरलेसही बंद — मग ॲल्स्टनशी बोलणार कशी —

आला. वायरलेसवर तीनदा हाक मारली त्याने, शहाण्यासारखी. मी ओ दिली. सहदेव वाट चुकलाय. खडक उजवीकडे आहेत, डावीकडे वळा, असं सांगितलं मी.

तो म्हणतो, दोन क्लॉडिया बोलतत. एक सांगता डावीकडे, दुसरी सांगता उजवीकडे ये. खंयच्या क्लॉडियाक ओ देवू?

ओरडले, ती मी नाही. मागोमाग माझ्याच आवाजात तेच वाक्य गेलं.

रडतोय तो —

तीन हाका मारते. तेवढंच ठरलंय आमचं —

एक मारली. दिवा लुकलुकला, तिनेही मारली. दुसरी मारली. तिनेही. तिसरीला तोंड उघडलं — आवाजच फुटत नाही — हात तेवढा चालतोय — देवा, आवाज —

दिवा —

माझ्या आवाजात तिसरी गेली. मी नाही मारली —

ॲल्स्टनने ओ दि