गोल रस्त्याला रिव्हर्स लागत नाही

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. दुपार.

बॅग भरून झाली. उद्या रात्रीचं विमान.

मुलाचं बोलणं शब्दाला शब्द लिहून ठेवते, नंतर फिरवायला नको. म्हणाला, आई, तू जाणार आहेस त्या बेटाला स्वतः गाडी चालवून एक पूर्ण फेरी मारून दाखव, बाबांची गाडी विकणार नाही. नाही जमलं, तर ग्राहक तयार आहे. हे तो सुनेकडे बघत, हसत म्हणाला. साठीनंतर लायसन्स काढलेल्या बाईकडे लोक असेच बघतात, जणू तिने झाडावर चढायला सुरुवात केली आहे.

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. गाडी तेव्हापासून बिल्डिंगखाली उभी आहे. मी शिकले ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर. शिकवणारा अगदीच सुमार. एकच टुमणं, काकू, रिव्हर्स शिकून घ्या. त्याला सांगितलं, मला पुढे जायचं आहे. परीक्षेच्या दिवशी साहेब घाईत होते, त्यांनीही रिव्हर्स विचारला नाही. म्हणजे तो आवश्यक नसावा.

बेट मीच निवडलं होतं, तेही विचार करून. तिथला रस्ता समुद्राकाठाने गोल जातो. निघालो तिथेच परत. मागे जायचा प्रश्नच येत नाही. एवढी साधी गोष्ट मुलाच्या लक्षात आली नाही. तो इंजिनिअर आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळ.

सोबत वन्सं येणार. ह्यांची थोरली बहीण म्हणून साक्षीदार. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, ही अट. त्या म्हणाल्या, अगं, मला सायकल येत नाही, मी कशाला हात लावू?

गाइडबुक ह्यांनी आणलेलं. बारा वर्षांपूर्वीचं. रिटायर झालो की जाऊ, म्हणून कपाटात राहिलं. सून म्हणाली, जुनं आहे, फोनवर सगळं मिळतं. बेट काय जागा बदलून बसलंय? फोनवाल्या लोकांना एखादं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची सवय नाही, त्यातून असले सल्ले सुचतात. मी सातवीला शाळा सोडली, पुढचं सगळं वाचून शिकले. तीस वर्षं हे गाडी चालवायचे आणि मी शेजारी बसून मोठ्याने वाचायचे. ह्यांना पाटी वाचायची कधी गरज पडली नाही.

आता चालवणार मी, आणि वन्संना गाडीत वाचलं की उलटी होते. म्हणून स्वयंपाकघरात बसून अख्खं पुस्तक माझ्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड केलं आहे. गाडी सुरू, फोन सुरू. लोक असल्या गोष्टींना पैसे मोजतात.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपार.

पोहोचलो. हॉटेल ठीक. खोलीत समुद्राचं चित्र लावलंय आणि खिडकी उघडली की समोर समुद्र. चित्र कुणासाठी, कळलं नाही.

भाड्याची गाडी आली. लहान, पिवळी. तिचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायला सांगितलं. देणारा म्हणाला, मॅडम, गाडी कशीही उभी असली तरी चालते. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

कार्यक्रम : सोमवारी पूर्ण फेरी. मंगळवारी उलट्या दिशेने पूर्ण फेरी. बुधवारी आणि गुरुवारी किनाऱ्यावर वाचन.

सोमवार, १० नोव्हेंबर. संध्याकाळ.

फेरी झाली नाही. कारणं बाहेरची आहेत.

एक, कोंबड्या. या बेटावर कोंबड्यांना रस्त्याची भीती नाही. दोन, टूरिस्ट बस. मागून हॉर्न मारत येतात. आत चाळीस माणसं एकाच खिडकीतून एकच डोंगर बघतात. त्यांचा गाइड माइकवर विनोद सांगतो आणि ती हसतात, कारण पैसे भरलेले असतात. तीन, रेकॉर्डिंग थोडं लवकर सुटलं. आम्ही हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा माझा आवाज पहिल्या धबधब्यापाशी होता. पेट्रोल पंपापाशी तो दीपगृहावर पोहोचला. वन्सं म्हणाल्या, अगं, तू इथे आहेस आणि तू तिकडे कुठे चाललीस? मी म्हटलं, ही प्रस्तावना समजा.

खरं कारण असं की मी ह्यांच्या स्पीडने वाचलंय. हे साठने चालवायचे. मी पंचवीसने चालवते. पंचवीस हा विचारी माणसाचा स्पीड आहे.

अकरा किलोमीटरवर मोठा चौक लागला. मध्ये कारंजं. त्याला वळसा घालून परत आलो. तीही एक फेरीच म्हणायची, पण मी मुलासारखी शब्दांत पकडणारी नाही, म्हणून धरत नाही. हॉटेलात गाडीचं तोंड भिंतीकडे गेलं. वॉचमनला वळवून ठेवायला सांगितलं. ते हॉटेलचं काम आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. दुपारी तीन.

सुधारित कार्यक्रम : फेरी दोन दिवसांत, अर्धी अर्धी.

आज कारंज्याच्या पुढे गेलो. पहिला धबधबा पाहिला. बारीक आहे. आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा याहून बरं पाणी पडतं. त्याच्यासमोर एक जोडपं फोटो काढत होतं. ती केस उडवायची, तो म्हणायचा पुन्हा, ती पुन्हा उडवायची. धबधब्याकडे दोघांची पाठ.

आज रेकॉर्डिंग नीट जुळवून लावलं. थोडं गेल्यावर वन्सं म्हणाल्या, दर वाक्यानंतर अशी गप्प का होतेस गं? मी सांगितलं, देखावा बघायला वेळ ठेवलाय. त्या म्हणाल्या, आत्ता तू वाचलंस, पुढे डावीकडे सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. आणि गप्प झालीस. त्यात काय बघायचं?

मी गिअर बदलला. जोरात.

त्यांनी आपल्या बाजूची काच वर केली. मग म्हणाल्या, गाडी चालवताना तो दर वाक्याला 'बरं' म्हणायचा. तेवढी जागा सोडलीयेस तू.

मी म्हटलं, वन्सं, समुद्र बघा. त्यासाठी आलोय.

पुढचं वाक्य नारळाच्या बागांविषयी होतं. ते संपलं, जागा आली, आणि वन्सं हळूच म्हणाल्या, बरं.

मी फोन बंद केला. बॅटरी वाचवायला हवी.

डोळ्यांना वारा लागत होता म्हणून पुढे गेले नाही. एका रिकाम्या मैदानात मोठा वळसा घेऊन परत. वन्संनी विचारलं, काचा तर वर आहेत, वारा कुठून आला? या घरच्या सगळ्यांनाच नको तिथे लक्ष देण्याची खोड आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळ.

आज विश्रांती. गाडीला.

नाश्त्याच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा एक रिटायर्ड गृहस्थ विचारत होता, तुम्ही दोघीच? तुमचे मिस्टर? वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, गाडी लावतायत. तो म्हणाला, अरे वा, येऊ देत, गप्पा मारू. तो बराच वेळ दाराकडे बघत बसला. मूर्ख माणूस.

वन्सं लिफ्टमध्ये म्हणाल्या, असं का सांगितलंस गं? मी म्हटलं, चौकशा टळतात. त्यांनी माझा पदर नीट केला. तो नीटच होता.

अंतिम कार्यक्रम : उद्या गुरुवारी पूर्ण फेरी, एका दमात. शुक्रवारी विमान आहे, म्हणजे उद्याच. मुलाला मेसेज पाठवला की ग्राहकाला नाही म्हणून कळव. त्याने अंगठा पाठवला. अंगठा हे उत्तर नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. दुपारी बारा.

अर्धी फेरी पूर्ण!

सकाळी सहाला निघालो. रस्ता मोकळा. कोंबड्या झोपलेल्या. फोन जुळवून सुरू, मी चाळीसने चालवलं. प्रत्येक गोष्ट वाचल्यावर लगेच समोर येत गेली. दीपगृह, काळी वाळू, दुसरा धबधबा. वन्संनी मधल्या जागांत तोंड बंद ठेवलं. समोरून येणाऱ्या गाड्यांतले लोक हात करत होते. ड्रायव्हरला ड्रायव्हर ओळखतो.

आता पुढे पूल. तो ओलांडला की उरलेला रस्ता सपाट, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. मुलाला कळवलं : झालीच समज. हे असते तर म्हणाले असते, चाळीस? जरा हळू घे.

तोच गुरुवार. संध्याकाळ.

पूल नाही.

म्हणजे पाण्यात दोन खांब आहेत. वर पूल नाही. शहाळीवाला म्हणाला, नऊ वर्षांपूर्वी पुरात गेला. सगळे इथवर येतात, नारळपाणी पितात आणि वळून जातात. फोनवर दाखवतं की, बाई. म्हणजे रस्ता गोल नाहीच. नऊ वर्षं नाही. हे मला कुणी सांगायला हवं होतं. सुनेने 'जुनं आहे' एवढंच सांगितलं होतं, पूल सांगितला नव्हता.

हातभर रस्ता. एकीकडे डोंगर, एकीकडे समुद्र. वन्संनी विचारलं, आता गं? मी म्हटलं, गाडी थंड होऊ दे. दोन शहाळी होईपर्यंत ती थंड होत होती. मागून बस आली. तीच, विनोदी गाइडवाली.

मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि वन्संना म्हटलं, पुढून ढकला. सत्तरीच्या बाईने पिवळी गाडी मागे ढकलायला घेतलेली बघून बस रिकामी झाली. सगळ्यांना वाटलं, गाडी बंद पडलीय. मी त्यांचा समज मोडला नाही. कुणी पुढून ढकलतंय, कुणी मागून, गाइड मधे उभा राहून 'आणखी थोडी, आणखी थोडी'. मी स्टिअरिंग सांभाळत होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वन्सं हसता हसता रस्त्यावर खालीच बसल्या.

तोंड वळलं. गाइड म्हणाला, आता चावी फिरवून बघा, नशीब असलं तर होईल सुरू. झाली. एका झटक्यात. घाम पुसत ती सगळी माणसं माझ्याकडे बघत उभी राहिली.

परतीच्या वाटेवर मी रेकॉर्डिंग लावलं नाही. पुस्तकाची ती बाजू चुकीची निघाली. बाकी पुस्तक चांगलं आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. विमानतळ.

विचार केला. अर्धं बेट जाऊन अर्धं बेट परत, म्हणजे अर्धं अधिक अर्धं, एक. अंतराच्या दृष्टीने फेरी पूर्ण झालेली आहे. मुलाला तसं कळवलं.

मागाहून समजलं की वन्संनी ढकलण्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलाय. सुनेने खाली लिहिलंय, किती छान, सगळ्यांनी मिळून! वन्संना जाब विचारला. त्या म्हणाल्या, अगं, चौदा महिन्यांनी तुझा फोटो मिळाला, टाकू नको?

आणि मुलाचा मेसेज : रविवारी येतो.

येऊ दे. उत्तरं तयार आहेत.

रविवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळ.

मुलगा दहाला आला. मी सुरुवात करणार, तोच म्हणाला, आई, फेरीचं जाऊ दे. तू एवढं चालवलंस, मला खरंच वाटलं नव्हतं. गाडी तू स्वतः पार्किंगमधून रस्त्यावर आण. आणलीस की ग्राहकाला मी आत्ता नाही सांगतो.

त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तयार उत्तरं वाया गेली.

खाली गेलो. गाडीचं तोंड भिंतीला टेकलेलं आहे. हे नेहमी तशीच लावायचे. काचांवर धूळ. एक दिवस रिव्हर्स घ्यावाच लागतो, त्यात घाबरण्यासारखं काय? बाजूची कुंडी तेवढी लक्षात ठेवायची. मुलाकडून चावी घेतली, दार उघडलं, बसले. सीट बरोबर होती. पट्टा लावला. चावी मांडीवर ठेवली आणि वाट बघत राहिले.

किती वेळ ते माहीत नाही. मग बघते तर समोर स्टिअरिंग नाही. स्टिअरिंग उजवीकडे, आणि त्या बाजूचं दार उघडून धरून मुलगा उभा. माझ्यासाठी उघडलेलं.

तो हसला नाही. हसला असता तर मी उतरले असते आणि पलीकडे जाऊन बसले असते. तसा गुडघाही सकाळपासून दुखतच होता. मी चावी त्याच्याकडे सरकवली.

त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग बसला. सीट मागेपुढे करावी लागली नाही, पाय बापासारखेच लांब आहेत. पाचव्या खेपेला गाडी सुरू झाली. रिव्हर्स घेताना त्याने कुंडी फोडली. इंजिनिअर आहे.

फाटकाबाहेर आल्यावर त्याने विचारलं, आई, ग्राहकाचं घर स्टेशनच्या मागे आहे, कुठून घेऊ?

मी लांबचा रस्ता सांगितला.