माझा नंबर पाच नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

"तू बसमध्ये बस." आमची शाळेतली मॉनिटर आज फोनवर हेच म्हणाली. अगदी हेच! सेहेचाळीस वर्षांपूर्वी, दहावीच्या सहलीत, त्याच टेकडीच्या पायथ्याशी तिनं मला याच तीन शब्दांत निकालात काढलं होतं.

तेव्हा बुटानं टाच सोलवटली होती. सगळा वर्ग वर गेला. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरशेजारी बसून राहिले. सिस्टर स्वेटर विणत होत्या. वरून म्हणे समुद्र दिसतो. मला काचेतून पंक्चर काढणारा माणूस दिसला.

आता आम्ही तिघी वर्गमैत्रिणी पुन्हा तिथे चाललोय — मॉनिटर, रेडिओ आणि मी. नऊ मार्चला, चार दिवस. टेकडीच्या कुशीतलं जुनं गाव, आत वाहन जात नाही, जिकडे जायचं तिकडे दगडी पायऱ्या. शेवटच्या दिवशी माथा. मॉनिटरनं नियमही ठरवलेत. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही की शाळा सुटली.

"सहा महिने टाच धरलीय ना तुझी? मग माथ्याच्या दिवशी खालीच थांब. बसमध्ये बस. उगाच सगळ्यांचा खोळंबा नको."

बघू, म्हटलं. फोन ठेवल्यावर ठरवलं — बघायचं नाही, चढायचं.

३ फेब्रुवारी

सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल म्हणजे टाचेत खिळा. भिंतीला धरून दहा पावलं, मग सैल होतं.

लेक आली होती. "आई, तिथे चाकांची खुर्ची मिळते. मी चौकशी केली."

"पायऱ्यांवर चाकं कशी चढवणार?"

"मग जाऊच नकोस."

वाईट नाही ती, घाबरते. हल्ली माझी आई व्हायला बघते, एवढीच माझी तक्रार.

एकतीस वर्षं शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतलं. सिमेंटच्या फरशीवर, उभ्यानं. टाच तिथेच झिजली. पण तेव्हा तिनं कधी रजा मागितली नाही. आता मीही देणार नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

बूट घेतले! सकाळीच गेले, दुकान रिकामं असतं म्हणून. "पाच नंबर द्या," म्हटलं. मरून रंग, सपाट तळ, वरून पट्टी. हातात घेतल्यावर आधी शिवण बघितली, सवय जात नाही. टाका एकसारखा, कुठे दोरा सुटलेला नाही. गालिच्यावर चार पावलं चालले. छान वाटले.

गालिच्यावर सगळेच बूट छान वाटतात, हे लिहून ठेवते.

८ फेब्रुवारी

दुपारपर्यंत बरं होतं. संध्याकाळी बँकेच्या चौकातून परत येताना करंगळी बधिर, टाच पेटलेली. रस्त्यावर घातलेले बूट आता कोण परत घेणार?

लंगडत येत होते आणि सिस्टर आठवल्या. प्रार्थनेच्या रांगेत आमच्या पायांकडे बघत म्हणायच्या, "लेडीज डू नॉट लिम्प, गर्ल्स." चांगल्या घरच्या बायका लंगडत नाहीत. सिस्टर, मी आज लंगडले. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. आणि मेले नाही.

१० फेब्रुवारी

फिजिओकडे गेले. लेकीच्या वयाची मुलगी. तिनं माझ्या पायाआधी बूटच हातात घेतला. पुढून-मागून धरून वाकवला — बोटांपाशी वाकला, मधे नाही. मागची बाजू अंगठ्यानं दाबली — दबली नाही. मान डोलावली.

"बूट उत्तम आहे. फक्त तुमचा नाही."

"म्हणजे?"

"तुमचा नंबर किती?"

"पाच."

"कुणी मोजला?"

हजारो पोरांची मापं कापडावर उतरवली, शिक्षिकांना सांगत आले की अंदाजानं लिहू नका, टेप लावा. आणि स्वतःच्या पायाला टेप कधी लावला नाही. तिला हे सांगितलं तर ती हसली नाही. शहाणी आहे.

उठायच्या आधी पलंगावरच पंजा स्वतःकडे ओढायचा, म्हणाली. फ्रीजमधली बाटली तळपायाखाली फिरवायची. बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, दिवसभरात पाय सुजतो. मोजे घालून जायचं, उभं राहून माप द्यायचं. आणि नवे बूट घेऊन थेट सहलीला जायचं नाही, आधी घरी मुरवायचे.

"माथा चढता येईल?" मी विचारलं.

"हळू चढलात तर."

हळू चढेन. पण चढेन.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी स्टेशनामागच्या जुन्या दुकानात. मालकीण माझ्याच वयाची, नाकावर चष्मा, हातात लाकडी मापपट्टी. उभं केलं, पाय ठेवायला लावला, पट्टी सरकवली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"साडेसहा."

"नाही हो. पाच."

"बाई, पट्टी खोटं बोलत नाही. पाच कुणी सांगितलं?"

"सिस्टरनी."

"कधी?"

"आठवीत."

त्या इतक्या हसल्या की फळीला धरून उभं राहावं लागलं. मग दुसरा पायही मोजला. उजवा अंमळ मोठा निघाला. "बूट नेहमी मोठ्या पायाला घ्यायचा. लहान पाय सांभाळून घेतो. घरातल्यासारखंच."

साडेसहाचा जोड मागवायला सांगून आले. शनिवारी जायचंय.

१२ फेब्रुवारी

काल झोपेपर्यंत तोच विचार. आज सगळं लख्ख आठवलं.

शाळेचं स्टोअर. काळ्या पॉलिशचा वास, फळीवर चार खोकी — चार, पाच, सहा, सात. आम्ही उंचीप्रमाणे रांगेत. ठेंगण्या पुढे, उंच मागे. सिस्टर खोकी त्याच क्रमानं उघडत जायच्या. पहिल्या काहींना चार, मग पाच, मग सहा, शेवटच्यांना सात. पायांकडे कुणी बघायचंच नाही! मी पुढच्या मुलींत, मला पाच. मॉनिटर रांगेचं शेवटचं टोक, तिला सात. "चावतात" म्हटलं तर सिस्टर म्हणायच्या, पायांनाही शिस्त लागली पाहिजे.

आणि तरी त्यांचा राग येत नाही पुरता. त्या दिवशी बसमध्ये त्यांनी स्वतःचा हातरुमाल ओला करून माझ्या टाचेवर बांधला होता. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं फूल होतं. रुमाल मी परत केलाच नाही. अजून आहे.

पुढे चपला घातल्या, मागून उघड्या, त्यात नंबर कळतो कुठे? हे म्हणायचे, "तुझी टाच चपलेपेक्षा कायम एक स्टेशन मागे." लग्न ठरलं तेव्हा मात्र म्हणाले होते, किती लहान पाय. त्या एवढ्याशा कौतुकासाठी मी जन्मभर बोटं मुडपून ठेवली! आता हे जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना पाय मोठा चालला असता. विचारायला हवं होतं.

असो. माझा नंबर पाच नाही. हे वाक्य लिहायला बासष्ट वर्षं लागली.

१४ फेब्रुवारी

साडेसहाचे घेतले. राखाडी, रुंद, लेसवाले. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा. दिसायला दोन होड्या.

लेक म्हणाली, "आई, हे माझ्या नवऱ्याचे वाटतात."

"मग त्याला दाखव. वचकून राहील."

२० फेब्रुवारी

दोन किलोमीटर. बोटं आतमध्ये हलतात! इतकी वर्षं ती काय करत होती कोण जाणे.

२८ फेब्रुवारी

पाच किलोमीटर, दोनदा बसून. टाच कुरकुरते, चावत नाही. कुरकुर मला चालते, भरल्या घरात वाढलेय.

मॉनिटरचा पुन्हा फोन. "विचार केलास का? तू थांबलीस तर मी समजू शकते." आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. मी म्हटलं, मी येतेय, तू समजायची तसदी घेऊ नकोस. जरा जास्तच बोलले. पण मागे घेणार नाही.

८ मार्च, रविवार

बॅग भरली. मरून बूटही तीत ठेवले.

लेक : "हे कशाला? चावतात ना?"

"बाहेर जेवायला बसताना घालीन. बसून काही चावत नाहीत."

खरं सांगायचं तर टाकवत नाहीत. अशी शिवण!

निघताना तिनं बाटली टॉवेलात गुंडाळून दिली, तळपायाखाली फिरवायची ती. खुर्चीचा विषय संपला.

९ मार्च

पोचलो. गावाच्या दारातच गाडी सोडावी लागली. राहायची जागा एकशे चौदा पायऱ्यांवर, मोजल्या. खोल्या दोन — रेडिओला एकटी खोली, कारण ती झोपेतही बोलते. मी आणि मॉनिटर एकत्र.

जेवताना मॉनिटरनं समुद्राची गोष्ट काढली. दर भेटीत काढते. माथ्यावरून कसा दिसला होता — तीन होड्या, त्यातल्या एकीचं पांढरं शीड, क्षितिजापर्यंत नुसती चमचम. सांगते सुंदर. मला ती गोष्ट पाठ आहे, तरी दर वेळी शेवटपर्यंत ऐकते.

"तू पण होतीस ना वर," मी रेडिओला म्हटलं. "तुला काय आठवतं?"

"मला भूक लागली होती, एवढंच. घेवडा वाढ गं."

मॉनिटर माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "हे काय घातलंयस? ट्रॅक्टर?"

"हो. चढाला तेच लागतं."

१० मार्च

सात किलोमीटर! टाच दुखली, पण शेवटच्या दीडेकमध्येच. भिंतीला टेकून पोटऱ्या ताणल्या, लोक बघत होते, बघू देत.

नवल एकच. मॉनिटर मागे पडत होती. दर वळणावर थांबायची — "फोटो काढते." भिंतीचे, दारांचे, मांजराचे फोटो. तिच्या बुटाचा आवाजही ऐकला. प्रत्येक पावलाला दोनदा वाजतो. आधी पाय उचलला जातो, मग मागून बूट येतो. सैल बाहीसारखा. कारखान्यात असते तर म्हटलं असतं, माप चुकलंय.

११ मार्च

दुपारी खोलीत आले तर मॉनिटर पलंगाच्या कडेला, पाठमोरी. बुटातून कापूस काढत होती. मूठभर, गोळा झालेला, एका टोकाला लाल. बोटांवर फोड, दोन फुटलेले.

मला बघून बूट लपवायला गेली. मग राहू दिला.

"सात नंबर?" मी विचारलं.

"सातच. मला कायम सात."

"कुणी मोजला?"

मी बॅगेतून पेन्सिल काढली, हॉटेलच्या कागदावर तिला उभं केलं आणि तिच्या पावलाभोवती रेघ मारली, कापडावर बेत आखते तशी. उंचच उंच बाई आणि पाऊल एवढंसं! मी माझा मरून बूट उलटा करून त्या रेघेवर ठेवला. तंतोतंत.

"पाच," मी म्हटलं.

"मला वाटायचं माझेच पाय बारीक पडतात," ती म्हणाली. "एवढी उंच बाई दुकानात पाच नंबर मागणार, तर हसतील. म्हणून सात आणि कापूस. शाळेपासून."

पलंगावर बसली, पाऊल अजून कागदावर. मग म्हणाली : "मी तुला थांब म्हणत होते ना, ते तुझ्यासाठी नव्हतं गं. तू थांबली असतीस तर मला थांबता आलं असतं. तुझ्या सोबतीला म्हणून."

महिनाभर मी जिच्याशी दात-ओठ खाऊन भांडतेय ती ही! बाटली टॉवेलातून काढून तिच्या तळपायाखाली दिली. फोडांवर पट्ट्या लावल्या. मग मरून बूट पुढे केले.

"उद्या हे घाल. उत्तम बूट आहेत. फक्त माझे नाहीत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर हळू. पण बसमध्ये कुणी बसणार नाही."

१२ मार्च

चढलो. तिघीही. पाच ठिकाणी बसलो, दोन तास लागले. माझी टाच ठणकतेय, ठणकू दे.

समुद्र आहे. लांबवर, साडीच्या काठाएवढी निळी पट्टी. होडी दिसणंच शक्य नाही इतका लांब. शीड तर सोडाच.

मॉनिटर कठड्याला धरून बघत राहिली, पायात माझे पाच नंबर. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, "असा आहे होय."

म्हणजे सात नंबरात तीही तेव्हा वाटेतच थांबली होती. मी तिचा हात धरला. रेडिओला काही सांगितलं नाही.