लेव्हीने दोनदा उचललेली ओळ

मी, एफ्रेम हॉस्टेटर, वय एकोणऐंशी, विधुर, राहणार लँकेस्टर परगणा, पेनसिल्व्हेनिया, धंदा घोड्यांचे साज शिवणे, शिक्षण इयत्ता चौथी, येथील मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीचा डीकन, म्हणजे कारभारी सेवक, आणि उपासनेत स्तोत्राची ओळ उचलणारा, हे लिहून ठेवतो. माझे डोळे, कान व बुद्धी शाबूत आहेत. गुडघे नाहीत, परंतु मृत्युपत्रास गुडघे लागत नाहीत. मी शपथ घेत नाही, कारण आमच्यात कोणी घेत नाही. आमचे होय ते होय व नाही ते नाही. पुढील मजकूर होय आहे. मालमत्तेखेरीज इतर गोष्टी गाळाव्यात असे वकिलांनी सुचविले. मी त्यांचे पूर्ण ऐकून घेतले आणि काही गाळले नाही.

कलम पहिले. राहते घर, ओढ्यापर्यंतचे शेत, गाई व दोन्ही घोडे माझी कन्या सलोमा हिच्या मालकीचे व्हावेत. माझी देखभाल करण्यासाठी ती अविवाहित राहिली, असे लोक म्हणतात. तिने तसे कधी म्हटले नाही व मी कधी विचारले नाही. घराचे छप्पर उत्तरेकडून गळते, हे घेणाऱ्यास ठाऊक असावे.

कलम दुसरे. दुकानातील आऱ्या, रापी, लाकडी चिमटे व शिल्लक चामडे शेजारी एझरा स्टॉफर यास द्यावे. घोड्याच्या गळपट्ट्याचा माझा साचा त्याने मागून नेला तो परत केला नाही. आता संच त्याच्याकडेच पुरा होईल. एझरास सूर नाही. एका रविवारी मी त्यास भर मंडळीत सांगितले होते की त्याने शेवटच्या बाकावर बसावे व मनातल्या मनात गावे. तेव्हापासून तो तेथेच बसतो. उपासना संपली की दारात गाठून म्हणतो, "एफ्रेम, आज मनातल्या मनात फार छान लागला हो आवाज." हा त्याचा उद्धटपणा आहे असे मी आजवर समजत आलो.

कलम तिसरे. स्वयंपाकघरातील दोन मेजे व त्यांवरील एकच मोठा मेजपोश माझा मुलगा लेव्ही यास द्यावा. यास कारण आहे.

लेव्हीने अठराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तो शहरात वाद्यवृंदात वाजवावयास गेला. आमच्यात प्रार्थनाघरात वाद्य नाही व घरातही नाही. देवाने गळा दिला आहे, तेवढा पुरे. बाप्तिस्म्यानंतर नियम मोडणाऱ्यावर बहिष्कार घालतात. मंडळीने प्रत्येकास विचारले. बाप व डीकन म्हणून मला प्रथम विचारले. मी होय म्हणालो. माझा आवाज फार स्पष्ट होता, अशी आठवण लोक अजून सांगतात व माझी वाहवा करतात. ती ऐकताना हल्ली मला जमिनीकडे पाहावे लागते.

बहिष्कृताबरोबर एका मेजावर जेवावयाचे नसते व त्याच्या ओळीस साथ द्यावयाची नसते. माझी पत्नी फ्रोनी दोन मेजे जवळजवळ लावी, मधे बारीकशी फट ठेवी व वरून एकच मेजपोश अंथरी. त्यामुळे नियमही पाळला जाई आणि मायलेकांना एकमेकांस बटाटे वाढता येत. लेव्ही येई तेव्हा मी जेवणापूर्वी मेजपोश उचलून फटीत बोटे घालून पाहत असे. एकदा ती म्हणाली, "आहे हो फट. तुमचं मन मावेल एवढी आहे." तिच्या दफनाच्या दिवशी बायकांनी तसाच एक मेजपोश अंथरला. मी तो काढावयास लावून दोन अंथरवले. लेव्ही भिंतीकडच्या मेजावर एकटा जेवला. त्याने ताट स्वच्छ केले, सलोमाचे आभार मानले व तो निघून गेला.

ही मेजे त्याने जोडून लावावीत.

कलम चौथे. लेव्हीचा पहिला व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, मी त्याच्याकडून हिसकावून घेतला होता. तो दुकानाच्या वरच्या फळीवर घोड्याच्या घोंगडीत आहे. त्यास मी चामड्याची पेटी शिवली आहे. ती केव्हा व का शिवली हे मला नीट सांगता येणार नाही. टाके दुहेरी आहेत. पेटीसह वाद्य लेव्हीचे आहे. मी देत नाही, परत करतो.

कलम पाचवे. यात मालमत्ता नाही.

गेल्या ऑक्टोबरात लेव्हीने वाद्यवृंदासाठी रचलेली सिम्फनी फिलाडेल्फियात वाजावयाची होती. सलोमा म्हणाली, "बाबा, न ऐकताच नावं ठेवायची असतील तर घरी बसा. ऐकून ठेवायची असतील तर चला." मी ऐकून नावे ठेवण्यासाठी गेलो.

प्रथम मला काही उमगले नाही. मग आमचे जुने स्तोत्र आले. ते खर्जातल्या तंतुवाद्यांवर आले, आम्ही म्हणतो तितकेच संथ. म्हणजे एक ओळ संपेतो गाईची धार काढून व्हावी. त्यावर पितळी वाद्ये व नगारे तुटून पडले. गारांनी उभा मका झोडपावा, तसे त्यांनी स्तोत्र झोडपले. ते पुन्हा उठे व पुन्हा पडे. ही विटंबना आहे, असे मी सलोमाच्या कानात म्हणालो. 

थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की ही विटंबना नव्हे. फ्रोनी गेल्यापासून मी गोठ्यात अशीच प्रार्थना करतो. विचारतो, उत्तर येत नाही, पुन्हा विचारतो. रविवारी मात्र उत्तर आल्यासारखा चेहरा करून मी ओळ उचलतो. मंडळीपासून मी हे लपविले. जे मी गाईंखेरीज कोणासमोर केले नाही, ते माझा मुलगा भरल्या सभागृहात करीत होता.

शेवटी सर्व वाद्ये थांबली. वाद्यवृंदात बसलेला लेव्ही उभा राहिला आणि त्याने एकट्याने व्हायोलावर शेवटच्या ओळीचा पहिला स्वर उचलला.

आमच्या उपासनेत प्रत्येक ओळीचा पहिला स्वर एकटा म्हणावयाचा असतो, मग सर्वांनी साथ द्यावयाची. घसा बसलेला मनुष्यही ओठ हलवितो. साथ मिळाली नाही तर उचलणारा पुन्हा एकदा उचलतो. तरीही कोणी साथ न दिल्यास तो खाली बसतो व आयुष्यात परत ओळ उचलीत नाही. लेव्हीला हे मीच शिकविले होते.

तो थांबला. वाद्यवृंद गप्प होता. त्याने तसेच लिहिले होते. त्या सभागृहात ती ओळ पुरी जाणणारे दोघेच, मी व सलोमा. आणि आमच्यात ओळीस प्रथम साथ पुरुषाने द्यावयाची. लेव्हीने पुन्हा उचलली. सलोमाने माझ्याकडे पाहिले. माझ्या घशात स्वर तयार होता. मी टोपी गुडघ्यांवर घट्ट धरली व तोंड मिटून ठेवले. लेव्ही खाली बसला. मग लोकांनी टाळ्या वाजविल्या. तेवढाच शेवट आहे असे त्यांना वाटले.

नंतर जिन्यावर तो भेटला. "बाबा, मी दोनदा उचलली," तो म्हणाला.

मी म्हणालो, "ऐकलं. तू बहिष्कृत आहेस."

"हो. तेही तुमच्याच आवाजात ऐकलंय."

त्याने मला हात देऊन जिना उतरविला. बहिष्कृताचा हात घेऊ नये, असा नियम आहे. तेव्हा मला गुडघ्यांमुळे नियम आठवला नाही. सभागृहात मी तोंड मिटले, याचे कारण मात्र नियम नव्हता. परकी माणसे वळून बघतील, म्हातारा खेडूत ओरडला म्हणतील, ही लाज होती. तेथे वाटावयास नको होती ती लाज वाटली. वाटावयास हवी होती ती नंतर आली, व आता जात नाही.

कलम सहावे. प्रार्थनाघराजवळची घोडे बांधण्याची जागा माझी आहे. माझ्या दफनाच्या वेळी लेव्हीस ओळ उचलू द्यावी व मंडळीने साथ द्यावी, तरच ती जागा मंडळीस मिळेल, अशी अट मी घातली होती. ती खोडली आहे. जागेच्या मोबदल्यात दिलेली साथ ही साथ नव्हे. जागा विनाअट मंडळीची.

खोडलेले पाहून सलोमा म्हणाली, "तुमच्या दफनाला त्यानं उचलायची आणि साथ दुसऱ्यांनी द्यायची? तुम्ही तेव्हाही तोंड मिटूनच असणार, बाबा."

 मी तिला दूधवाल्याकडच्या टेलिफोनवरून लेव्हीस बोलावण्यास सांगितले.

कलम सातवे, सह्या होण्यापूर्वी आज जोडलेले. लेव्ही आला आहे. स्वयंपाकघरात साक्षीदारांसमोर, म्हणजे एझरा व आमचे बिशप यांच्यासमोर, मी त्यास ओळ उचलण्याची विनंती केली. तो म्हणाला, "बाबा, खाली बसलेला परत उचलत नाही. तुमचाच नियम आहे."

मी म्हणालो, "नियम मी पुष्कळ पाळले. माझ्यासाठी एक मोड."

बिशप नोआ वीव्हर यांनी खिडकीकडे पाहिले व आपला घोडा बिथरलेला दिसतो असे म्हटले. घोडा उभ्याउभ्या झोपलेला होता. ते बाहेर गेले.  मग लेव्हीने गळ्याने ओळ उचलली. माझा स्वर निघेना. तेवढ्यात एझरा स्टॉफर याने साथ दिली, मोठ्याने आणि साफ बेसूर. मी त्याच्या मागून शिरलो. हे मी लिहून ठेवीत आहे, कारण मी पहिला होतो असे माझ्या पश्चात कोणी सांगू नये.

सही: एफ्रेम हॉस्टेटर.
राहते घर, लँकेस्टर परगणा, मार्च महिन्याचा दुसरा शनिवार, सन १९५९.

हजर साक्षीदार:
एझरा स्टॉफर, शेजारी. साथ देणारा पहिला.
नोआ वीव्हर, बिशप. सहीसाठी परत आले. बाहेर जाताना दार उघडे ठेवले होते.
हजर, परंतु पोटची मुले असल्याने साक्षीदार नव्हेत: सलोमा हॉस्टेटर, लेव्ही हॉस्टेटर. दोघेही माझ्याच मेजाशी, फटीच्या याच बाजूस.