गुण हाय की

२ ऑक्टोबर १९३६
हत्तुरे आज माझ्याच दवाखान्यात बसून मलाच विचारतो — अर्काने गुण येतो हे कशावरून? वीस वर्षं इथल्या पेठेच्या नाड्या धरतोय मी! हा मुंबईहून डॉक्टर होऊन आला त्याला वर्षही नाही. मीच मदतीला ठेवून घेतला. पुढच्या महिन्यात पुण्याच्या परिषदेत माझ्या ज्वरहर अर्कावर निबंध वाचायचा आहे. हिवतापावर रामबाण! तिथे कोणी हेच विचारलं तर, म्हणे.

३ ऑक्टोबर
त्याची पद्धत अशी — आधी धरून चालायचं की अर्कात काही दम नाही. मग पुराव्याने ते खोटं पाडायचं. म्हणजे नव्या सुनेला स्वयंपाक येत नाही असं धरूनच चुलीपुढे बसवायचं! सौ.ला सांगितलं तर म्हणाली, सासवा दुसरं काय करतात?

शेवटी मान्य केलं. एका रोग्याला अर्क, पुढच्याला रंग दिलेलं कडू पाणी. बाटल्या सारख्याच. ताप फार असेल त्याला क्विनीन, ही त्याची अट. थर्मामीटरचंही टुमणं लावलं होतं. मी म्हटलं, ज्याचा ताप त्याला कळत नाही का? विचारू की!

९ ऑक्टोबर
गिरणीतली चिमाबाई आली. हिला अर्क दिलेला. घोंगडीतून नुसतं नाक बाहेर.
"आला ना गुण?"
"लई गुण हाय की, डाक्टरसाब."
दात वाजत होते तिचे. आज वारा फार होता. गुण मांडला.

११ ऑक्टोबर
हत्तुऱ्याची नवी कुरकुर. अर्कवाल्यांना मी "आला ना गुण?" असं विचारतो आणि पाणीवाल्यांना "ताप आहेच ना अजून?" असं. आता माणसाने बोलायचंही नाही का? बरं, यापुढे सगळ्यांनाच "आला ना गुण?" विचारीन.

१७ ऑक्टोबर
निकाल! अर्काच्या वीस जणांत सोळांना गुण. पाण्याच्या वीस जणांत पंधरांना. एकाने का होईना, जिंकलो! पेढे मागवले.

हत्तुऱ्याने पेढा खाल्ला आणि खिशातून पैसा काढून उडवत बसला. दहा वेळांत सात वेळा छापा. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ह्या पैशाला अर्क पाजला असता तर तुम्ही म्हणाला असता, गुण आला." एवढा तेवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, म्हणे. त्यापेक्षा पुष्कळ मोठा दिसला तरच अर्काचं नाव घ्यायचं. पेढा परत मागता येत नाही, एवढंच.

१८ ऑक्टोबर
घरी दुसरं नाणं घेऊन पाहिलं. आठ वेळा छापा. हल्ली टांकसाळीचं काम बिघडलं आहे.

२१ ऑक्टोबर
सौ.ला काल दुपारपासून हुडहुडी भरून ताप. अर्क सुरू केला. हत्तुऱ्याने न विचारताच क्विनीनच्या पुड्या टेबलावर ठेवल्या. मी त्या ड्रॉवरमध्ये सारल्या. घरच्याच माणसाला दुसरं औषध दिलं तर पुण्यात कोणत्या तोंडाने उभा राहू?

२३ ऑक्टोबर
सकाळी उशाशी बसून विचारलं, आला ना गुण? "आहे हो गुण," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. कपाळाला हात लावला तर पोळला. मग मात्र थर्मामीटर लावला. एकशे चार.

रागच आला. ताप आहे तर तसं सांगायचं ना!

"तुम्ही इतक्या आशेने विचारता," ती म्हणाली. "तोंडावर नाही कसं म्हणायचं? पेठेत तरी कोण म्हणतं?"

मला भीती वाटली, पुण्याची नव्हे. घोंगडीतले ते वाजणारे दात आठवले.

त्याच दिवशी, दुपारी
क्विनीन दिलं. "अर्क संपला का?" तिने विचारलं. हो म्हटलं. थर्मामीटर आणि उरलेल्या पुड्या खिशात घातल्या. चिमाबाईकडे निघालो आहे.