सात-सात हात

३ मार्च
झालं एकदाचं! दिवाणखान्याची वाटणी ठरली. इकडे आम्ही, तिकडे मोठे दीर आणि जाऊबाई. मामंजींनी जन्मभर तंबू शिवले, पण टेप कधी हातात धरला नाही. कोपरापासून बोटापर्यंत, एवढंच त्यांचं माप. ते म्हणाले, "दोघांना सात-सात हात." बस्स! म्हणजे नक्की किती, कुणालाच ठाऊक नाही. माना मात्र सगळ्यांनी डोलावल्या.

५ मार्च
दिरांनी स्वतःच्या हाताने मोजलं. त्यांचे हात म्हणजे बांबू! सातवा हात खिडकीच्या पल्याड पडला. मग ह्यांनी आमच्या बाजूने मोजलं. मध्येच मामंजींची खाट, ती कोपऱ्यात ढकलली. ह्यांचे हात आखूड, पण हेही खिडकीच्या पल्याड पोहोचले — कोपर जवळजवळ काखेपर्यंत नेऊन! सगळ्या घराला उजेडाची ती एकच खिडकी. कोण सोडतंय!

६ मार्च
ह्यांनी आता कॉम्प्युटरवर संशोधन केलंय. आठ जवांचं एक अंगूळ, बारा अंगुळांची वीत, दोन विती म्हणजे हात, दोन हात म्हणजे गज. जेवताना सगळ्यांना पाठ म्हणून दाखवलं. जाऊबाईंनी डब्यातून खरोखर आठ जव काढून ताटाशेजारी मांडले. ते ह्यांच्या बोटापेक्षा रुंद भरले! हे म्हणतात, दाणे फुगलेत. लग्नानंतर पहिल्यांदाच मला जाऊबाईंचं पटलं.

८ मार्च
शेवटी मामंजींनाच विचारलं, हात कुणाचा? "माझा. आणखी कुणाचा?" म्हणाले आणि कूस बदलली.
दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर दोघं मुलगे टेप घेऊन गेले. एकाने कोपर धरलं, दुसऱ्याने बोटं सरळ केली. चोरसुद्धा इतक्या हलक्या पावलांनी जात नसतील. हात भरला अठरा इंच. म्हणजे सात हात साडेदहा फूट, दोघांचे एकवीस. दिवाणखाना चोवीस. उरले तीन फूट — आणि खिडकी नेमकी त्या तीन फुटांत!

९ मार्च
दीर म्हणतात, मी थोरला. हे म्हणतात, हिशेब मी लावला. मी म्हटलं, पडदे मी शिवलेत. जाऊबाईंनी चहाचं पातेलं आदळलं. म्हणाल्या, "मामंजींना साधी वजाबाकी येत नाही, म्हणून आपल्या डोक्याला ताप." मला हसू आवरेना. मामंजी तिथेच बसले होते. बशीतला चहा पीत राहिले.

१० मार्च
तोडगा निघाला. दीड-दीड फूट! मधली फळ्यांची भिंत खिडकीच्या मधोमध. अर्धी खिडकी उघडणार कशी, ते विचारू नये. शहाणपण नुसतं उतू चाललंय.

११ मार्च
सुतार आला. खडूने रेघ मारली आणि विचारलं, "आजोबांची खाट कुठल्या बाजूला ठेवू?"
दीर छताकडे बघायला लागले, हे फोनमध्ये शिरले. जाऊबाईंना कपडे वाळत घालायचे आठवले. मीही दूध उतू जाईल म्हणून आत गेले. दूध तापत ठेवलंच नव्हतं.
सुतार थोडा वेळ थांबला. उद्या येतो म्हणाला.

१२ मार्च
सकाळी उठले तर खाट खिडकीखाली, उशाची बाजू भिंतीला लावून. मामंजींनी एकट्याने ओढत आणली असणार. पाठमोरे बसून बाहेर बघत होते.
ते आंघोळीला गेल्यावर मी खाटेला टेप लावला. रुंदी तीन फूट. दोन हात.
मामंजींना वजाबाकी येते.