पंच क्रमांक दोन

घोडेगाव,
१६ नोव्हेंबर

प्रिय वृषाली,

तुमच्या न्याय विभागावर तू लिहिलेली पुस्तिका मिळाली. सरकारी पुस्तिका असूनही वाचताना डुलकी लागली नाही, हे कौतुक समज. हा विभाग आधी गृहखात्यात होता आणि २००९ साली कायदा मंत्रालयात गेला, हे मला ठाऊक नव्हतं. मोठ्या न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या फायली तिथून जातात आणि खेड्यातल्या बाईला गावच्या सेवा केंद्रात पडद्यावर वकिलाचा सल्लाही तिथूनच मिळतो. तुझी आई म्हणाली, पोरीनं कारकुनी भाषेला माणसात आणलं. मी मात्र दोन दिवस अर्ध्या जेवणावरून उठत होतो. तिने विचारलं तर बीपीवर ढकललं.

तुला बहिरू आठवतो का? डोंगरावरच्या वाडीतून हिरडा विकायला यायचा तो. तू नववीत असताना त्याच्यावर बैलचोरीची केस झाली. पंच म्हणून पोलिसांना सरकारी नोकर बरा वाटतो, साक्ष फिरवत नाही म्हणून. शाळा सुटल्यावर हवालदाराने मला चहाच्या टपरीवर गाठलं. "गुरुजी, एवढा डोंगर कशाला चढताय? आमी बघून आलोय. तुमी फकस्त सही करा." मी 'पंच क्रमांक दोन' म्हणून केली. बैल बहिरूच्या गोठ्यात माझ्यासमोर जप्त झाला आणि खरेदीची पावती मागितली तर त्याला दाखवता आली नाही, असं वर लिहिलं होतं. मी वाचलंसुद्धा नाही. शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी पोरांना अख्खं पान पुन्हा लिहायला लावणारा माणूस मी!

दोन वर्षांनी कोर्टात साक्षीला उभा राहिलो, तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. पण नोकरीवर गदा येईल, लोक तोंडात शेण घालतील, या भीतीने "होय, माझ्यासमोर" म्हणून मोकळा झालो. बहिरूने पावती हजर केली होती. पण पंचनाम्यात नाही म्हणून ती मागाहून बनवलेली ठरली. व्हरांड्यात त्याची बायको लंकाबाई उभी होती. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "गुरुजी, तुमी आमच्या घरी कवा आलता?" मी मान खाली घालून निघून आलो. बहिरूला एक वर्षाची शिक्षा झाली. अपील केल्यावर तो जामिनावर सुटला, पण ते अपील अजून पडून आहे. बेल्ह्याच्या बैलबाजारात आजही व्यापारी त्याला बघून दावं हातात घट्ट धरतात. याची मला फार लाज वाटते, बाळ.

गेल्या सोमवारी हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेलो. तिथे लंकाबाई संगणकासमोर बसलेली, पडद्यावर तुमच्याच योजनेतल्या वकीलबाई. दोघींचं बोलणं एकमेकींना कळेना. लंकाबाईने वळून पाहिलं, मला ओळखलं, आणि तरी म्हणाली, "गुरुजी, तुमीच सांगा वं नीट. तुमी शिकल्यालं मानूस." मी केस सांगू लागलो. वकीलबाईंनी मध्येच विचारलं, पंच खरोखर घरी गेले होते का? मी म्हणालो, "नाही. तो पंच मीच. मी गेलोच नव्हतो." हे वाक्य तोंडातून निघायला बारा वर्षं लागली.

येत्या गुरुवारी मी तसं प्रतिज्ञापत्र करतोय. अपिलात ते बहिरूच्या कामी येईल. खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो, हे वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलंय. आज आईला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत वृषालीला कळवा. पण मी लिहितोय ते निराळ्याच कारणासाठी. हे वाचून तुझा हात फोनकडे जाईल. दिल्लीत तुझ्या ओळखी आहेत आणि बापावर तुझा जीव आहे. वृषाली, माझ्यासाठी कुणाकडे एक शब्दही टाकू नकोस. बहिरूसाठी फोन करणारं तिथे कुणीच नव्हतं.

तुझाच,
अण्णा